भिंतीवरून आलेलं पंचशील

पोस्टकार्ड आलं त्या दिवशी उकंडाला ताप येऊन चार दिवस झाले होते. पोस्टमननं तोंडाला रुमाल लावला, दाराला आडव्या लावलेल्या काटेरी फांदीवरून कार्ड आत भिरकावलं आणि सायकलवर टांग मारली. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. उकंडाला वाचता येत नव्हतं, पण फाटका कोपरा अडाण्यालाही कळतो. घरातलं कोणीतरी गेलं. कोण, एवढंच कळायचं होतं. बायको सुखीबाई पोरीच्या, नलूच्या बाळंतपणाला पांढरकवड्याला गेली होती.

बोरी अरब गावात तेव्हा फ्लूची साथ होती. ज्या घरात ताप, त्याच्या दाराला सरपंच पंजाबरावांनी बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, लावली होती. पंधरा दिवस आतल्यानं बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत जायचं नाही. त्याची दवंडी पंजाबरावांना स्वतःच द्यावी लागली. दवंडी देणारा उकंडा आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता आणि हे काम आता बंद म्हणून सांगून मोकळा झाला होता. पंजाबराव ओरडत गेले तेव्हा उकंडा तापातही उठून बसला. "आवाज पोटातून काढा म्हणा," तो भिंतीपलीकडे बोलला, "गळ्यातून काढान तं उद्या बसते."

भिंतीपलीकडे नजीर कलईवाला आणि त्याची बायको खातूनबी. त्यांच्या पलीकडे भीमराज मास्तर. तिन्ही दारांना काटी. वाचणारा एकटा भीमराज. उकंडानं कार्ड तुराटीच्या टोकाला खोचून भिंतीवरून दिलं, नजीरनं ते तसंच पुढं केलं. भीमराजचा आवाज तापानं बसला होता, त्याचं बोलणं एकच भिंत ओलांडायचं. त्यानं नजीरला सांगितलं. नजीरची आरोळी तीन गावांत ऐकू जायची, पण आज त्यानं हळूच सांगितलं.

"उकंडा, भाभी गेली. पोरगी बरी हाय. नातू झाला."

"कोनत्या दिवशी?"

"मंगळवारी."

मंगळवारी उकंडा तिच्यावरच चिडलेला होता. नवरा तापानं फणफणून राह्यला आणि ही तिकडं बाळाला तेल लावत बसली, असं तो दिवसभर बडबडत होता.

दोन दिवस तो भिंतीकडे पाठ करून पडून राहिला. खातूनबी काठीला फडकं बांधून भाकर पाठवायची, तो अर्धी खायचा. तिसऱ्या दिवशी छपरावर कावळा येऊन बसला, तेव्हा त्यानं भाकरीचा तुकडा उचलला आणि परत खाली ठेवला. घरातले देव अडाण नदीत सोडून आल्यावर सुखीबाईनं त्याला बजावलं होतं, "मी मेली आन् तू कावळ्याले घास ठेवला, तं याद राख. वंदना घ्यायची. मोठ्यानं घ्यायची."

मोठ्यानं, हे तिनं मुद्दाम सांगितलं होतं. सगळे वंदना म्हणत तेव्हा उकंडा नुसते ओठ हलवायचा. त्याला एक ओळ पाठ नव्हती. शेजारी बसलेली सुखीबाई कोपरानं ढोसायची.

"मास्तरले सांग," तो नजीरला म्हणाला, "मले पंचशील घ्याचं हाय. आजच."

"काटी निघू दे न बे."

"नऊ दिवस हायेत. तवर तिनं वाट पाहाची काय?"

भीमराज एक ओळ सांगायचा, मग तिचा अर्थ. नजीर ती भिंतीशी उभं राहून पोचवायचा. पण मोठा आवाज त्याला एकाच सुरात काढता यायचा. "पाणातिपाता वेरमणी" अशा चालीत आलं, की गल्लीतल्या एका बाईनं कलईसाठी पातेलं बाहेर काढून ठेवलं. उकंडानं ओळ म्हटली. पहिल्यांदा घोगरी, मग मोठ्यानं. जीव मारणार नाही. चोरी करणार नाही.

"हे तं आपल्यातबी हाय," खातूनबी चुलीपासून म्हणाली.

तिसरं आलं, परस्त्रीचं. "हे सोडून देलं तरी चालते," खातूनबी म्हणाली. "भाऊले उठून पानी घेनं होत नाही."

"घेतो, भाभी. तिनं मोजून ठेवले असतीन."

चौथं आलं. खोटं बोलणार नाही. उकंडानं ते सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. मग पाचवं आलं, दारूचं, आणि भिंतीच्या या बाजूला सामसूम झाली.

नजीरनं ओळ पुन्हा दिली. पुन्हा काही नाही. भीमराज पलीकडून विचारू लागला की मामाला चक्कर आली काय.

"चक्कर नाही," उकंडा म्हणाला. "चौथं आत्ताच घेतलं न मास्तर. आता पाचवं कसं घेऊ? कोठीमागं मोहाची बाटली हाय. तापासाठी ठेवली व्हती."

खातूनबी आधी हसली. मग नजीर, मग खोकत खोकत भीमराज, मग समोरच्या काटीआडचे लोकही. उकंडा हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. घरात आवाज झाला होता.

"ओतून दे, मामा," भीमराजनं कळवलं. "चार शिलाचं पंचशील कोनं ऐकलं काय?"

"उद्या ओततो."

"चौथं," खातूनबी म्हणाली.

उकंडानं विचार केला. ओठ हलवून टाकले असते तर गल्लीत कोणाला कळलं नसतं. पण ज्या बाईसाठी हे चाललं होतं, तिला ती युक्ती ठाऊक होती.

"उद्याचं काही सांगत नाही," तो म्हणाला. "चार घेतले, ते खरे हायेत. तेवढे तिले पोचवा."

भीमराजनं पुढची वंदना सांगितली. नजीरनं ती पोचवली. उकंडानं शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटली, मधे दोनदा थांबून.

नऊ दिवसांनी काटी निघाली. उकंडा पांढरकवड्याला गेला, नातवाला पाहिलं, जिथं सुखीबाईला माती दिली तिथं बसून आला. पाचवं शील अजून घ्यायचं राहिलं आहे.