बाईनी सोडलं नाय

बसा. किंवा उभ्या राहा.

सुकापूरच्या टोकाला नव्या इमारती संपतात आणि वाडीकडे जाणारा कच्चा रस्ता सुरू होतो. तिथल्या समाजमंदिरात लीया आपटेकर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपार कलली की सतरंज्या अंथरायची. गणपती होऊन गेले होते, वीटभट्ट्या पेटायला अजून अवकाश होता. त्यामुळे वाडीतल्या कातकरी बाया गावात होत्या आणि हाताला काम नसलं की येत होत्या.

योगा म्हणजे काय ते लीयाला अर्ध्या आयुष्यापासून ठाऊक होतं. नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधून तिने कंबरा सरळ केल्या होत्या, पोटं आत घेतली होती, 'अजून थोडं, अजून थोडं' करत लोकांना घाम फोडला होता. इथे मात्र तिला सगळं उलटं शिकून यावं लागलं. मार खाल्लेल्या, भ्यालेल्या शरीराशी कसं वागायचं याचं शिक्षण तिला वाडीत काम करणाऱ्या संस्थेने दिलं होतं. हात लावायचा नाही. कुणाच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. दार लोटायचं नाही. काय झालं होतं ते विचारायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य, हुकूम सोडायचा नाही. या बायांना जन्मभर दुसऱ्यांनीच ऊठ-बस सांगितलं आहे, निदान इथे तरी त्यांचं त्यांनी ठरवावं.

म्हणून लीया म्हणायची, "वाटलं तर हात वर घ्या."

"सरळ बोला ना बाई, काय करायचं ते," भामा म्हणायची. वर्गातली सगळ्यात म्हातारी आणि तोंडाने सगळ्यात मोकळी. "सारखं वाटलं तर, वाटलं तर. आमाला काय वाटत नाय. मुकादम आसा बोलला आसता तर एक वीट निघाली नसती."

बाया हसायच्या. लीयाही हसायची. आणि पुन्हा म्हणायची, वाटलं तर.

डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही.

वर्गात येणाऱ्या भागीची लेक ललिता श्रावणात तळोज्याहून आली. कानामागे खोक पडलेली, नेसत्या लुगड्यानिशी. नवरा सुदाम तिकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पिंपं चढवायचा. पुढचं कुणी लीयाला सांगितलं नाही आणि नियमाप्रमाणे तिने विचारलं नाही.

आधी ललिता भिंतीला पाठ घट्ट लावून बसायची. दाराकडे तोंड. बाया हात वर करायच्या, ही दार बघायची. पुढे कधीतरी ती भिंतीपासून वीतभर पुढे सरकली. मग सतरंजीवर आली. आणि एका मंगळवारी, बाया आडव्या झालेल्या असताना, ललिता कुशीवर वळली आणि झोपून गेली. तोंड उघडं, लाळ सतरंजीवर.

वर्ग संपला तरी कुणी उठेना. भामासुद्धा गप्प बसली होती.

"घरात झोपत नाय ती," भागी हळूच म्हणाली. "रातभर बसूनच राते. हितं झोपली."

त्या दिवशी लीया घरी आली तेव्हा नवऱ्याने, इलानने विचारलं, "आज काय मिळालं तुला?" इतकी ती खुशीत होती. ललिता तळोज्याला परत जाऊ नये, एवढंच भागीला हवं होतं. लीयालाही तेच हवं होतं, फक्त तसं तोंडाने म्हणणं तिच्या शिक्षणात बसत नव्हतं.

कुणीही केव्हाही उठून जाऊ शकतं.

शुक्रवारी सुदाम आला.

इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. दाराबाहेर चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. "नमस्कार बाई," म्हणाला. मग, "ललिता, चल. रिक्षा थांबलीय."

आवाज चढलेला नव्हता. जत्रेला निघालेल्या माणसासारखा बोलला.

ललिता आडवी होती ती उठून बसली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. भागीने मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढू लागली. मग ललिताने लीयाकडे बघितलं.

लीयाला शिकवलेलं सगळं त्या क्षणी आठवलं, आणि आठवलं याचा तिला बारीकसा अभिमानही वाटला. ती शांतपणे म्हणाली, "ललिता, तुला जायचं असेल तर जा. राहायचं असेल तर राहा. इथे कुणी तुला काही म्हणणार नाही. तू ठरव."

ललिता बघतच राहिली. पुढचं वाक्य यायचं बाकी आहे, तशी.

ते आलं नाही. ती उठली, पदर नीट केला, बायांच्या मधून वाट काढत गेली.

पुन्हा, आपापल्या वेगाने.

ललिताने आईकडे बघितलं. भागीने मान खाली घातली. ललिताने लीयाकडे बघितलं आणि लीया म्हणाली, तू

पुन्हा.

सुदाम म्हणाला, रिक्षा थांबलीय. ललिताने लीयाकडे बघितलं. लीया काहीच म्हणाली नाही, नुसती जाऊन दाराच्या आणि ललिताच्या मध्ये उभी

पुन्हा.

ललिताने बघितलं. लीया म्हणाली, बस खाली. वर्ग संपल्याशिवाय मी कुणाला

लीयाच्या डोक्यात हे असं रविवारपर्यंत चाललं. भांडी घासताना, देवनारच्या नणंदेशी फोनवर बोलताना, चार्जर शोधताना. पण ते भागी बोलल्यानंतर सुरू झालं, म्हणून आधी भागीचं.

श्वासाकडे लक्ष. जमलं तर.

बाकीच्या बाया गेल्या. भागी बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि लीयाला तेच सोसेना.

"तुमी नुसतं 'बस' बोलल्या आसत्या ना बाई."

"भागी, ते तिने म्हणायला हवं. आपण तिच्या वतीने..."

"तिनं कसा बोलायचा? नवरा दारात उबा. ती 'नाय' बोलली तर तो मारल. बाईनी सोडलं नाय, आसा बोलली, तर तो काय बाईला मारल?"

लीया तिच्यासमोर सतरंजीवर बसली.

"आमच्यात पोरगी स्वताच्या तोंडानं 'नाय' बोलत नाय," भागी म्हणाली. "सासू पाठवत नाय, भगतानं सांगितलाय, आंगात बरा नाय. कायतरी म्हनायचा. तिला वाटला तुमी म्हनाल. तुमच्याकडं बगत व्हती."

"मग तू का नाही म्हणालीस? तू आई आहेस."

"म्हनून तर. मी बोलली का लोक बोलतील, आयनं पोर बसवून ठेवली. मंगळ्याला पंचात उबा करतील." मंगळ्या म्हणजे भागीचा नवरा, दम्याने खंगलेला. "तुमी भायरच्या. तुमाला कोन काय बोलनार व्हता?"

ती उठली. जाताना नेहमीप्रमाणे सतरंज्यांची घडी घालू लागली. लीया राहू दे म्हणाली, तर म्हणाली, "तुमी एकट्या कशा घालाल," आणि सगळ्या घातल्या.

लीयाने तिथूनच संस्थेच्या शशिकला मॅडमना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लीया, ती सज्ञान आहे. स्वतःच्या पायाने गेली. तक्रार तिने द्यायला हवी. ती एक शब्द म्हणाली की आपण आहोतच."

"ती म्हणणार नाही ना. तोच तर प्रश्न आहे."

"मग आपण काय करू शकतो?" हे त्यांनी टाळण्यासाठी म्हटलं नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मनात येईल ते येऊ द्या.

घरी आली तेव्हा सूर्य मावळायला आला होता. लीयाने डोक्यावर ओढणी घेतली, शब्बाथचे, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले, हात डोळ्यांवर धरले. नेहमीचे हिब्रू शब्द तोंडाने निघत होते. मुलगी याएल इस्रायलला गेल्यापासून टेबलावर दोनच ताटं असत.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "लीया, आज मीटिंगला ये गं. पाण्याच्या टाकीवरून भांडणं होणार आहेत, तू असलीस तर बरं."

"आज शुक्रवार ना काकू. आमच्यात नाही चालत."

"हो की. विसरलेच मी," काकू म्हणाल्या आणि निमूट गेल्या.

इलान पाव मोडत होता. म्हणाला, "मागच्या शुक्रवारी आपण मॉलमध्ये होतो."

"मला जायचं नव्हतं मीटिंगला."

"मग तसं सांगायचं."

"तसं कसं सांगणार त्यांना?" लीया म्हणाली, आणि खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही. इलानला वाटलं पाय दुखतायत. त्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. तिने ती मांडीवर घेतली आणि तशीच थंड होऊ दिली.

आता कुठे आहात ते बघा.

रविवारी ती तळोज्याला गेली. सुदामची पाळी असते, घरात नसेल, असं भागीने सांगितलं होतं. भागी बरोबर यायला तयार नव्हती. "मी आली तर आजून वायट," एवढंच म्हणाली.

लीयाने सगळं पाठ केलं होतं. या वेळी 'वाटलं तर' नाही. चल म्हणायचं, हाताला धरायचं, रिक्षात घालायचं. कुणी विचारलं तर बाईंनी नेलं. जन्मात कुणावर असा आवाज तिने चढवला नव्हता, पण आता चढवणार होती. सहा आसनी रिक्षात ती हे ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. शेजारच्या माणसाने सरकून जागा दिली.

कंपन्यांचा वास गल्लीत शिरलेला होता, सडक्या कोबीसारखा. तिसरी खोली. कडी वाजवली तर सुदामनेच दार उघडलं.

"अरे, बाई. या ना. ललिता, बघ कोन आलंय."

ललिता स्टोव्हपाशी बसली होती. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. डावा हात पदराखाली होता.

लीया बसली नाही. "ललिता, चल. वर्ग बुडवायचा नाही. मी तुला न्यायला आले आहे. पावसाळा संपेपर्यंत तुला आईकडेच राहावं लागेल, औषधासारखं आहे ते, मध्ये सोडून चालत नाही." हे शेवटचं तिने रस्त्यात रचलं होतं. भगताच्या तोलाचं काहीतरी हवं म्हणून.

ललिताने मान वर केली. क्षणभर, अगदी क्षणभर, तिचा उजवा हात जमिनीवर टेकला. उठणारा माणूस टेकतो तसा.

सुदाम हसला. "जा की मग," म्हणाला. "बाई येवढ्या लांबून आल्यात. मी काय बांधून ठेवलीय? जायचं तर जा, राहायचं तर रा. तू ठरव."

शुक्रवारी दाराबाहेर उभं राहून त्याने तेवढं मात्र नीट ऐकलेलं होतं.

ललिताचा हात जमिनीवरून उचलला गेला.

"मी बरी हाय बाई."

"मी विचारत नाहीये, ललिता. सांगते आहे." लीयाला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. तो मोठा झाला होता, पण त्यात वजन आलं नव्हतं. "ऊठ."

"नका बाई," ललिता इतक्या हळू म्हणाली, की ते नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून होतं की लीयाची कीव येऊन, ते कळेना.

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. लीया ओरडली असती तर माणसं जमली असती, आणि जमलेल्या माणसांसमोर ललिताने हेच सांगितलं असतं. नंतर माणसं पांगली असती.

"चाय टाक गं," सुदाम म्हणाला. "बाई पैल्यांदा आल्यात आपल्याकडं."

"नको, मी निघते."

"आशा कशा निघाल?"

लीया बसली. ललिताने एका हाताने स्टोव्ह पेटवला, त्याच हाताने पातेलं ठेवलं, दुधाची पिशवी दातांनी फोडली. दुसरा हात पदराबाहेर आला नाही. सुदाम पाळीबद्दल बोलत होता, आज बदलून घेतली, ठेकेदार तसा माणूस चांगला आहे. लीया "हो का," म्हणत होती. चहा झाला. कपाचा कान तुटलेला होता, म्हणून ललिताने तो फडक्यात धरून पुढे केला. लीयाने तो घेतला. प्रत्येक घोटानंतर ती थांबत होती. चहा थंड झाला, साय धरली, तरी ती पीत राहिली, आणि कपात चोथा उरला तेव्हाही कप खाली ठेवेना.

"आजून अर्धा घेता?" सुदामने विचारलं.

ती इथे बसलेली होती तोवर तो ललिताला काही करणार नव्हता. लीयाने कप पुढे केला.