कुशाबाचं बाकडं

सहदेवला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. पैसा नाही. मिळणार होती पितळेची वीतभर पाटी, मुंबईच्या संग्रहालयात, दुरुस्त होणाऱ्या जुन्या ट्रामच्या आत: ‘कै. कुशाबा, ट्राम कंडक्टर, पोलादपूर’. ज्या बापाला गावानं कधी पुढच्या पंगतीला बसवलं नाही, त्याचं नाव मुंबई वाचणार.

ट्राम बंद पडल्या तेव्हा कुशाबानं भंगारातलं एक सागवानी बाकडं उचललं आणि एसटीच्या टपावरून गावी आणलं. त्याची पाठ पुढेमागे फिरायची. ट्राम परतीला निघाली की कंडक्टर सगळ्या बाकांच्या पाठी उलटवायचा. पडवीत ती सोय सहदेवची बायको राहीबाई वापरायची. सकाळी तोंड अंगणातल्या शेरडांकडे; संध्याकाळी पाठ खटकन उलटवली की तोंड दारातून आत, टीव्हीकडे. गुडघे धरल्यापासून तिला खाली जमिनीवर बसणं जमत नव्हतं.

पुतण्या सुशांतनं बाकड्याचा फोटो मोबाइलवर टाकला आणि फेब्रुवारीत संग्रहालयाच्या प्रियदर्शिनी मॅडम दारात. नखानं काळा थर खरवडून म्हणाल्या, “खाली मूळ पॉलिश शाबूत आहे, काका. दसऱ्यानंतर टेम्पो पाठवते. तोवर काही लावू नका. कुणी बसूही नका.”

सहदेवनं बाकडं निळ्या ताडपत्रीत गुंडाळून माजघरात मातीच्या भिंतीला लावलं, आणि त्याच्या पायाला भिंगरी लागली. दिवसातून चार वेळा जाऊन दोरी चाचपायची. आठवड्याला मॅडमना फोन. शेजारच्या महादूनं विचारलं, “काय रे, बाकडं बाळंत व्हायचं हाय का?” हा हसलाही नाही. पाटीवर आडनाव सांगायचं राहिलं, याच घोरात.

पावसाआधी घरातल्या लाकडाला गॅरेजमधलं जळकं ऑइल पाजायचं, ही इकडची रीत. वैशाखात राहीबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं, “बाकड्याला औंदा ऑइल नाय?”

“मॅडम नको बोलल्यात.”

“मॅडमच्या घरात वाळवी नसंल. आपल्या हाय.”

“तुला काय कळतंय गो त्यातलं?”

दसऱ्यानंतर टेम्पो आला. हमालांनी उचलली ती नुसती ताडपत्री. बाकड्याचे पाय खालीच राहिले. आत भुसा आणि वाळवीची माती.

मॅडमनी उकिडवं बसून भुसा चिमटीत घेतला. “साठ वर्षं कसं टिकलं हे?”

“ऑइलनं,” राहीबाई बोलली.

“मग यंदा?”

सहदेव ताडपत्रीची घडी घालायला लागला. मॅडमना आपलंच ‘काही लावू नका’ आठवलं.

पाठ फिरवायचे पितळी सांधे तेवढे धड होते. ते गेले. भुशातनं निघालेल्या पोखरलेल्या फळ्यांवरून मापं घेतली आणि मुंबईत नवं बाकडं घडलं. पाटी लागली, आडनावासकट. सहदेव जाऊन तिच्याजवळ उभा राहून फोटो काढून आला.

तर संग्रहालयाला सांधे मिळाले, सहदेवला बापाचं नाव, सुशांतला चार दिवसांचं कौतुक. राहीबाईला कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हा तिचं काही गेलं असं कुणी धरलं नाही. ती उंबऱ्यावर बसते. शेरडांकडून टीव्हीकडे वळायचं झालं की चौकट धरून आख्खी उठते.