गुणाजींच्या वाट्याची दोन मिनिटं

आमच्या डोंबिवलीच्या विमान मंडळात माणसं चार आणि घटनेची कलमं एकवीस होती. कलमं सगळी माझी, कारण मी चिटणीस होतो आणि दुसऱ्याने लिहिलेलं मला पटत नाही. अध्यक्ष श्रीपाद कारखानीस, रेल्वेत कारकून. त्याच्या धाकट्या भावाने छप्पन्न साली विलायतेहून एक खोकं पाठवलं. त्यात विमानाचे सुटे भाग होते, मुठीत मावेल एवढं इंजिन होतं आणि जमिनीवरून बिनतारी हुकूम सोडायचं यंत्र होतं. मधु गुप्तेचं कल्याणला रेडिओ दुरुस्तीचं दुकान, म्हणून तो आमच्यात आला. चौथे गुणाजी सावंत, ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमधले फिटर. त्यांना सगळ्यांत शेवटी घेतलं, तेही पंखाच्या तीन फासळ्या मी मोडून ठेवल्यावर.

गुणाजींनी बांबूच्या कामट्या तासून नव्या फासळ्या केल्या. दर रविवारी श्रीपादच्या ओसरीवर आम्ही जमायचो. मी इंग्रजी माहितीपत्रक वाचून मराठीत सांगायचो आणि गुणाजी काम करायचे. बऱ्याचदा माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं काम झालेलं असायचं. याचा मला राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. श्रीपाद चहा मागवायचा, मधु यंत्राच्या तारा जोडायचा, मी चुका काढायचो. विमान म्हणाल तर गुणाजींनी बांधलं.

पंखांवर कागद ताणून चिकटवताना एकदा ते आपण होऊन बोलले. एरवी फार बोलायचे नाहीत.

"आनंदराव, आमची मंडळी विचारते, दीड वर्ष रविवारचे जाता कुठे? मी म्हटलं, उडेल त्या दिवशी ये. मी उडवीन, तू बघ."

"मग येऊ दे की."

"लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझं काम तिने कधी बघितलं नाही. पॉवर हाउसात बायकांना कोण सोडतो?" एवढं बोलून ते पुन्हा कागदाकडे वळले. कान मात्र लाल झाले होते.

आता त्या यंत्राची गंमत सांगायला हवी. पेटी जमिनीवर, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरच्या टोकाला दारावरच्या घंटीला असतं तसं बटण. बटण एकच. दाबलं की शेपटीचं सुकाणू उजवीकडे वळायचं, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे. मग परत उजवीकडे. म्हणजे मागची पाळी कुठली होती हे ज्याच्या ध्यानात असेल, त्यालाच विमान ऐकणार.

आणि आम्ही काय केलं? मंडळाची बैठक घेतली. इंधन आठ मिनिटांचं, सभासद चार, म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटं. क्रम सभासदत्वाचा. श्रीपाद, मधु, मी, गुणाजी. ठराव मी मांडला, मधुने अनुमोदन दिलं. वेळ सांगायला श्रीपादचं मनगटी घड्याळ.

ओसरीवर विमान टेबलावर ठेवून आम्ही तालीम केली. बटण या हातातून त्या हातात फिरलं, सुकाणू शहाण्यासारखं हललं, आम्ही खूश झालो.

गुणाजी म्हणाले, "इथे सुकाणू डोळ्यांपुढे आहे. वर गेल्यावर कोणाला दिसणार? बटण एकाच्याच हातात असू दे. कोणाच्याही."

"गुणाजी, मंडळ सगळ्यांचं आहे," मी म्हणालो. "एकाने मजा करायची आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, हे बरं दिसेल का?"

त्यांनी टेबलावरचं विमान उचलून आत नेऊन ठेवलं. त्यांना वाटलं असणार, आणखी बोललो तर शेवटची दोन मिनिटंही जातील. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वायरलेसचा परवाना यायला सात महिने गेले. अठ्ठावन्नच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, ठाकुर्लीपलीकडच्या कापून झालेल्या भाताच्या शेतात आम्ही विमान नेलं. गुणाजींची मंडळी, शेवंतीवहिनी, आल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, शेजारणीला घेऊन त्या लांब बांधावर उभ्या राहिल्या. जवळ या म्हटलं तरी आल्या नाहीत.

गुणाजींनी पंखा फिरवून इंजिन सुरू केलं आणि विमान हातातून सोडलं. ते वर गेलं. खरोखर गेलं. मधु तर रडलाच. श्रीपादने दोन मिनिटं झकास घालवली. मधुनेही दोन वळणं घेतली, पण रडण्याच्या नादात तो मोजायचं विसरला. विमान हळूहळू उजवीकडे, पॉवर हाउसच्या धुराड्याकडे सरकू लागलं तेव्हा बटण माझ्या हातात आलं.

गुणाजी माझ्या खांद्याशी उभे होते. हलक्या आवाजात म्हणाले, "आता उजवं येईल. एकदा दाबून सोडा, मग परत दाबा."

"मोजतोय मी," मी फटकारलं. मी मोजलेलं नव्हतं.

मी बटण दाबलं. विमान आणखीच उजवीकडे वळलं. सोडायला हवं होतं हे पोरालाही कळलं असतं, पण मी घाबरलो आणि जेवढा घाबरलो तेवढं बोट घट्ट रुतवलं. विमान गोल गोल फिरत खाली आलं आणि धसकटांत नाक खुपसून पडलं. गुणाजी धावत गेले. आमच्यापैकी तेवढेच धावले. तुकडे त्यांनी एकट्याने धोतराच्या सोग्यात गोळा केले.

इंजिनाचा चुरा झाला होता. त्या वर्षी विलायतेहून असल्या वस्तू मागवणं बंदच झालं होतं. थोडक्यात, विमान आता पुन्हा उडणार नव्हतं.

पुढचे तीन रविवार गुणाजी आले नाहीत. मला झोप लागेना. चौथ्या रविवारी मनाशी वाक्य पाठ करून मी ठाकुर्लीला त्यांच्या खोलीवर गेलो. चूक माझी, तुमचं ऐकलं नाही, तुमची दोन मिनिटं मी बुडवली, एवढंच बोलायचं होतं. जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे जिन्यात थांबून ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

गुणाजी पाटावर बसून कंदिलाची काच पुसत होते. मला बघून उठले. वहिनींनी चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"भावजी, तुम्ही रागावू नका ह्यांच्यावर. तुम्ही तिघांनी किती छान चालवलंत. नेमकं ह्यांच्या हातात आलं आणि पडलं. मी लांब होते, मला काय दिसणार? ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, माझ्या हातून पडलं म्हणून. तेव्हापासून तोंड दाखवायची लाज वाटते त्यांना."

मी गुणाजींकडे बघितलं. ते काच पुसत होते. पुसून लखलखीत झालेली काच ते पुसतच राहिले.

पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो आणि गुणाजींचं विमान कधी उडालंच नसतं. पाडलं तर पाडलं, पण चालवलं, एवढंच त्यांनी घरी आणलं होतं. माफी मागून तेही मी काढून घेणार होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "पडायच्या आधीचं नाही सांगितलं त्यांनी?"

"काय?"

"बटण हातात आलं तेव्हा विमान धुराड्यावर चाललं होतं. आम्ही तिघांनी आशा सोडलेली. ह्यांनी डावीकडे असं वळवलं की धुराडं हातभर लांब राहिलं. मग वाऱ्याने घात केला, त्याला ते काय करणार?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. "हे नाही बोललात."

गुणाजींनी काच खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "हातभर नव्हतं. चांगलं दोन हात लांब होतं."