दोरीचं दुसरं टोक

"ताण धरा, ताण! अहो, दोरी आहे ती, पाळणा नव्हे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोरीवाले काका जीभ चावून मागे सरकले. ओरडायचं काम आता त्यांचं राहिलं नव्हतं. ते निवृत्त झाले होते आणि नांगरलेल्या रानात चारचौघांसारखे आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.

नवा दोरीवाला हसला. "काका, गप्प बसवत नाही ना?"

"जित्याची खोड," काका म्हणाले. म्हण त्यांनी पुढे पुरी केली नाही.

हे रान एका धर्मादाय संस्थेचं. एका निपुत्रिक जोडप्याने दान दिलेलं. ज्यांना स्वतःची जमीन नाही अशा घरांना संस्था ते हंगामापुरतं वाटून देई; पिकेल ते कसणाऱ्याचं. ही वाटणी काकांनी उभी हयात केली. दोरी जेवढी लांब, तेवढा तुकडा लांब. एक टोक घरच्या बाईने कोपऱ्यावर धरायचं, दुसरं घेऊन पुरुषाने चालत जायचं, आणि दोरी ताठ झाली की तिथे खूण करायची. भुसभुशीत मातीत खुंटी ताण घेत नाही, म्हणून माणूस लागे. आणि बाईच का? तर जमीन तिच्याही हातात आली, हे गावाने डोळ्यांनी बघावं म्हणून. ही रीत काकांनीच पाडलेली.

संस्थेच्या नोकराला मात्र तुकडा मिळत नसे. कुंपणच शेत खातं, असं कुणी म्हणायला नको. काकूंना हे कधीच पटलं नाही. त्या दाराशी तेलाच्या डब्यांत भोपळे लावायच्या आणि वेल छपरावर चढवायच्या. भोपळे आले की सगळ्या गल्लीला वाटायच्या, वर नवऱ्याला ऐकवायच्या, "डब्यात एवढं येतं, तर जमिनीत किती आलं असतं!"

वाटणीच्या आदल्या दिवशी काका दोरी धुऊन गल्लीत ताणून बघत. भिजली की दोरी आखडते. तेव्हा दुसरं टोक काकूंच्याच हातात असे.

"बरोबर भरली," काका म्हणत. "सोड आता."

"दरवर्षी एवढी जमीन माझ्या हातात येते," काकू टोक न सोडता म्हणत, "आणि तुम्ही ती गुंडाळून घेता."

"निवृत्त होऊ दे मला. मग तुझ्याच नावाने मागतो."

"तोवर माझे गुडघे राहतील का?"

गुडघे राहिले. काकूच राहिल्या नाहीत. तुकडा मिळणार असं कळलं तेव्हा त्यांनी हौसेने सगळे डबे उपडे केले, आता डब्यांचं काय काम म्हणाल्या, आणि थोड्याच दिवसांत तापाचं निमित्त होऊन गेल्या. डबे दाराशी अजून तसेच पालथे होते. नोकरी थोडी आधी सोडली असती तर काय बिघडलं असतं, असं काकांना सारखं वाटे. माणूस गेल्यावर सुचलेलं शहाणपण ते. कुणाला सांगायचं?

"काका, या. तुमचा तुकडा," संस्थेच्या बाईंनी हाक मारली.

काका कोपऱ्यावर आले. नव्या दोरीवाल्याने एक टोक त्यांच्या हातात दिलं, आणि दुसरं कुणाला द्यायचं ते न कळून तो तसाच उभा राहिला.

शेजारची शिंपीण पुढे आली. "भाऊजी, द्या इकडे, मी धरते. परकी आहे का मी?"

"परक्या नाही हो, वहिनी. पण तुमचं टोक मघाशी तुम्ही धरलंत. हे तिचं आहे."

शिंपिणीने पदर डोळ्यांना लावला आणि ती मागे झाली.

"खुंटीला बांधू या, काका," बाई हळूच म्हणाल्या. "माझी हरकत नाही."

काकांनी खुंटी ठोकली, टोकाला गाठ मारली आणि ते मातीतून चालू लागले. दोरी संपत आली तसा त्यांनी सवयीने हिसका दिला. खुंटी उपटून आली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

काका परत आले. खुंटी पुन्हा ठोकली, पायाने माती दाबली, पुन्हा चालत गेले. या वेळी त्यांनी ओढलं नाही. दोरी मधे झोळ पडून मातीला टेकली.

"काका, ढिली आहे," नवा म्हणाला. "तुकडा आखूड भरेल. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"भरू दे आखूड."

"अहो, पण मी धरतो ना तिकडे. हक्काची जमीन का सोडता?"

"खूण कर बाबा," काका म्हणाले.

नव्याने खूण केली. काका दोरी गुंडाळू लागले. हात, कोपर, हात, कोपर, असं करत ते कोपऱ्याकडे येत गेले. खुंटीपाशी पोचले आणि त्यांच्या तोंडून गेलंच, "सोड आता."

मग काका मातीत खाली बसले आणि स्वतःच गाठ सोडवू लागले. गाठ त्यांच्याच हातची, पक्की होती. सुटायला वेळ लागला.