एका वाट्याची वाळू

मी एक जुनी वाळूची घटिका आहे. मित्रांनो, विधानभवन पाहायला आलेले तुम्ही आता या काचेच्या कपाटाला नाक लावून उभे आहात. माझ्याशेजारच्या पाटीवर लिहिले आहे, 'पूर्वीचे वेळ मोजण्याचे साधन.' ती पाटी मला मान्य नाही. वेळ तर भिंतीवरचे घड्याळही मोजत होते. मी वेळ वाटत होते. मोजणे आणि वाटणे यात केवढा फरक आहे, हे मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म काच फुंकणाऱ्या एका बाप-लेकीच्या कारखान्यात झाला. बाप भट्टीपाशी बसून नळीने काच फुगवायचा आणि लेक वाळू धुऊन, वाळवून, बारीक चाळणीतून चाळायची. माझा गळा करताना बाप म्हणाला, "गळा अरुंद हवा, पण चोंदायला नको."

"म्हणजे आत्यासारखा?" लेकीने विचारले.

"तुझ्या आत्याच्या गळ्यात वाळू ओतली तरी ती बोलायची थांबणार नाही," बाप म्हणाला. दोघे इतके हसले की माझा एक फुगा किंचित वाकडा झाला. तो वाकडेपणा अजून आहे. तो मला शोभतो, असे मला वाटते.

तिथून मी या इमारतीत, मागच्या बाजूच्या एका खोलीत आले. मोठ्या सभागृहात कायदा मंजूर होण्याआधी प्रत्येक पक्षाचे थोडे थोडे सदस्य त्या खोलीत बसतात, अधिकाऱ्यांना बोलावतात आणि त्यांना प्रश्न विचारतात. याला समिती म्हणतात. खोली साधीच होती. लांब टेबल, त्यावर शाईचे डाग पडलेले हिरवे कापड, पाण्याचा जग आणि रंग देताना कायमची चिकटून बसलेली एक खिडकी.

मी येण्यापूर्वी तिथे बळी तो कान पिळी असा कारभार होता. ज्याचा आवाज मोठा, त्याचा वेळ मोठा. तेव्हाचे अध्यक्ष म्हातारे वकील होते. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि विचारले, "बोला, ही वाळू कशी वाटायची?"

सगळ्यात मोठ्या पक्षाचे पुढारी म्हणाले, "माणसं मोजा आणि वेळ द्या. आमची एवढी माणसं, त्यांचा एकटा जीव. दोघांना सारखंच? हा कुठला न्याय?"

एकट्या जिवाने लगेच उत्तर दिले, "माणसं मोजून दिलात तर मी नुसता नमस्कार करायचा आणि खाली बसायचं! नमस्कार करायला लोकांनी निवडून दिलं होय मला?"

बराच वेळ भांडण चालले. दोघांचेही थोडे थोडे खरे होते. शेवटी वकीलसाहेबांनी तोड काढली. मी एकदा पूर्ण रिकामी झाले की एक वाटा संपला. आधी प्रत्येक पक्षाला एकेक वाटा. उरलेले वाटे माणसांच्या संख्येप्रमाणे. आणि एक पक्का नियम असा, की ज्याची वाळू चालू असेल त्याने परवानगी दिल्याशिवाय मध्ये कोणी तोंड उघडायचे नाही. अध्यक्षानेसुद्धा नाही.

ती माझी ऐन उमेदीची वर्षे. समितीचा कारकून मला रुमालाच्या टोकाने पुसायचा आणि प्रत्येकासाठी तितक्याच सरळ हाताने उलटायचा. एक सदस्य बोलताना फार अडखळत. सभागृहात लोक त्यांचे वाक्य तोडत. या खोलीत मात्र ते प्रत्येक वाक्य पुरे करत. जाताना ते मला दोन बोटे लावून जायचे. मला नमस्कार करणारे ते एकटेच.

मग नवे अध्यक्ष आले. मोठ्या पक्षाचे. बोलायला इतके मऊ, की लोक त्यांना 'लोणीसाहेब' म्हणत. त्यांनी माझ्या वाळूला हात लावला नाही. त्यांनी एवढेच सुचवले, की अधिकाऱ्याच्या उत्तराला लागणारा वेळही प्रश्न विचारणाऱ्याच्याच वाट्यात धरावा. "प्रश्न त्यांचा, म्हणजे उत्तरही त्यांचंच, नाही का?" ते हसून म्हणाले. मोठ्या पक्षाकडे भरपूर वाटे होते, त्यांचे काही बिघडले नाही. नियम मंजूर झाला. त्या दिवसापासून लहान पक्षांच्या तोंडाला पाने पुसली गेली.

आरोग्य खात्याचे एक मोठे अधिकारी यात फार तरबेज झाले. लहान पक्षाचा प्रश्न आला की ते आधी पाणी प्यायचे. मग चष्मा काढून पुसायचे. मग नमनाला घडाभर तेल. तोवर माझा वरचा फुगा रिकामा. वेळ मारून न्यायला त्यांनी माझीच वाळू वापरली. मी माझा गळा आवळून पाहिला, मित्रांनो. काचेला ते जमत नाही.

त्याच सुमारास समितीत एक नर्सबाई आल्या. आयुष्यभर डोंगरातल्या प्रसूतिकेंद्रात नोकरी केलेल्या, आपल्या पक्षाच्या एकट्याच सदस्य. समितीपुढे एक कायदा होता. त्यातले एक कलम म्हणत होते की डोंगरातली सगळी लहान प्रसूतिकेंद्रे बंद करावीत आणि बायकांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यावे. बाईंनी पहिल्या बैठकीत विचारले, "दरड पडून रस्ता बंद झाला तर अडलेल्या बाईला कुठं न्यायचं?" अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. बाईंचा वाटा संपला तेव्हा ते अजून अध्यक्षांचे आभारच मानत होते.

बैठक उठल्यावर मोठ्या पक्षाचे एक धिप्पाड सदस्य बाईंजवळ आले. त्यांना सगळे पैलवान म्हणत. त्यांचा मतदारसंघही डोंगरातलाच. "ताई, कशाला जीव आटवता? आमच्यात या. आमच्याकडे वाटे पोतंभर आहेत."

"वाटे आहेत हो, भाऊ," बाई पिशवीत कागद कोंबत म्हणाल्या. "पण त्यात घालायला तुमच्याकडे प्रश्न कुठाय? पोतं रिकामंच आहे ते."



पुढची बैठक शेवटची होती. ती संपली की लगेच मतदान. त्या कलमाच्या बाजूने हात वर झाले असते, तर दरडीपलीकडच्या गावांतल्या बायकांना देवाच्या भरवशावर सोडल्यासारखे झाले असते. आणि बाईंजवळ होता एकच वाटा.

कारकुनाने मला उलटले. बाई म्हणाल्या, "प्रश्न तोच. रस्ता बंद असताना अडलेल्या बाईला कुठं न्यायचं? मला भाषण नको. फक्त जागेचं नाव सांगा. माझी उरलेली सगळी वाळू त्या नावासाठी."

आणि त्या हाताची घडी घालून बसल्या.

अधिकारी उठले. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा..."

"ते मागच्या खेपेला झालं. नाव?"

"शासन या बाबतीत सकारात्मक..."

"हे गावाचं नाव आहे का?"

कोणीतरी खुदकन हसले. लोणीसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, त्यांना जरा सावकाश..."

"अध्यक्ष महाराज," बाई म्हणाल्या, "उत्तराचा वेळ माझ्या वाट्यात धरायचा, हा नियम तुमचाच ना? मग आत्ता चाललीय ती वाळू माझी. आणि माझ्या वाळूत मध्ये बोलायला मी कोणाला सांगितलेलं नाही."

लोणीसाहेबांचे तोंड उघडे होते, ते हळूच मिटले. आपणच बांधलेल्या बांधात पाणी अडले होते. ते आपल्या माणसाच्या मदतीला धावू शकत नव्हते, बैठक पुढे ढकलू शकत नव्हते, खोकूसुद्धा शकत नव्हते. अधिकाऱ्यांनी घोटभर पाणी घेतले. चष्मा पुसला. पण नुसते नाव हवे असताना चष्मा किती वेळ पुसणार? माझी वाळू पडण्याचा आवाज मलाही पहिल्यांदाच ऐकू आला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी कोणाचीही भीड न ठेवता माझ्या चालीने सांडत होते. मी कोणाची चाकर नव्हते.

शेवटचा कण पडला. "वेळ संपली," लोणीसाहेब घाईने म्हणाले. "आता मतदान."

"थांबा," पैलवान म्हणाले. "आमच्या पक्षाचा एक वाटा उरलाय. उलटा तिला. ते नाव मलाही ऐकायचंय."

"खाली बस!" शेजारून त्यांच्या पुढाऱ्याने त्यांचा सदरा ओढला.

"सोडा, दादा. दरडीवरून मला माझ्या अडलेल्या वहिनीला खांद्यावर केंद्रात न्यावं लागलंय. वाटा पक्षाचा आहे ना? मी पक्षातच आहे."

कारकुनाने एकदा अध्यक्षांकडे पाहिले आणि मला उलटले. त्याच सरळ हाताने. वाळू अर्धी झाली असेल नसेल, तोच अधिकारी मान खाली घालून म्हणाले, "नाही. तशी जागा नाही."

मतदान झाले. पैलवानांबरोबर मोठ्या पक्षाचे आणखी काही हात खालीच राहिले आणि ते कलम पडले. डोंगरातली केंद्रे उघडी राहिली.

मित्रांनो, यानंतर माझा सत्कार झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. पुढच्या अधिवेशनाआधी टेबलावर माझ्या जागी लाल-हिरवा दिवा आला. त्याचे बटण अध्यक्षांच्या मुठीत असते. ते कधी दाबले, किती लवकर दाबले, हे कोणाला दिसत नाही. माझी वाळू सगळ्यांना दिसत होती, हाच माझा गुन्हा. दिवा लाल झाला तरी नर्सबाई वाक्य पुरे करूनच बसतात, असे इथे झाडायला येणाऱ्या मावशी सांगतात. पैलवानांना पक्षाने दुसऱ्या समितीत धाडले. तिथेही ते प्रश्न विचारतात म्हणे.

आणि मला या मखमलीवर आडवी ठेवली आहे. उभी ठेवली तर पडून फुटेल, असे कारण सांगतात. खरे कारण निराळे आहे. आडव्या घटिकेतली वाळू हलत नाही.

मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मला धूळ चालते, तडा गेला तरी चालेल. जपायचे असेल तर हे जपा. जिथे जिथे बोलण्याचा वेळ वाटला जातो, वर्गात, घरात, गावाच्या सभेत, तिथे सगळ्यात लहान वाटा कोणाचा आहे ते शोधा. तो त्याला शेवटच्या कणापर्यंत मिळाला का, हे मोठ्याने विचारा. तुम्हाला कोणी खाली बस म्हणेल. बसू नका.

या कपाटाला कुलूप नाही. पहारेकरी दाराशी गप्पा मारतो आहे. हात आत घाला आणि मला उभी करा.