डाव्या हाताचा पीळ

"ह्यो माजा न्हाई."

रतनबाईने जहाजाच्या दोरावरून फिरवलेलं बोट मागे घेतलं आणि पदराला पुसलं.

महिपती चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला. दाखवायला म्हणून आज सकाळीच त्याने जहाज तिच्या खुर्चीपुढे स्टुलावर आणून ठेवलं होतं. हातभर लांबीचं, तीन डोलकाठ्यांचं, प्लॅस्टिकचं. डोलकाठ्यांना दोन्ही अंगांनी तोलून धरणारे काळे दोर आणि त्या दोरांवर बांधलेल्या बारीक शिड्या, सगळं जिथल्या तिथे होतं. त्याला वाटलं होतं, बघून हसेल. हसली नाही तर निदान नावं तरी ठेवेल. नावं ठेवायला तिला पहिल्यापासून आवडायचं.

"तुजा न्हाई कसा? तुज्याच रिळाचा हाय," तो म्हणाला. पण खोटं बोलायला सराव लागतो, आणि तो महिपतीला नव्हता. आवाज मध्येच चिरकला.

"माजा पीळ मला कळत न्हाई व्हय? इकत आणलाय ह्यो."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेने, स्नेहलने, जीभ चावली. दोर तिनेच मोबाइलवरून मागवला होता.

"आई, चांगला आहे तो. खास जहाजांसाठीच मिळतो."

"असंल की. चांगलाच असंल." रतनबाईने मान खिडकीकडे वळवली. तिचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता. "ह्या हातानं आता काय व्हनार? दुसरीकडनंच आणाया लागणार. बरं केलंत."

'बरं केलंत' हे तिने असं म्हटलं, की त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर महिपतीला परवडलं असतं.

महिपतीची सगळी नोकरी लोणावळ्याला, तुंगार्लीच्या एका बंगल्याची राखण करण्यात गेली. मालक मुंबईचे. शनिवारी यायचे, रविवारी जायचे आणि मधले दिवस बंगला महिपतीचा; म्हणजे झाडायला आणि पुसायला. मागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. मुलं मोठी झाली म्हणून मालकांनी एकदा माळा रिकामा केला, त्यात जहाजाचं एक खोकं निघालं. वर झोकदार चित्र, आत प्लॅस्टिकचे पुष्कळ तुकडे. 'टाकून दे,' मालक म्हणाले. महिपतीच्या हातून काही टाकवत नसे. पावसाळ्यात बागेचं काम बंद असायचं. खिडकीत बसून पर्यटकांच्या गाड्यांची रांग बघण्यापेक्षा हे बरं, म्हणून तो तुकडे जोडायला बसला. समुद्र त्याने जन्मात एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीला.

ते जहाज पुरं झालं आणि मालकांना एवढं आवडलं, की ज्यांनी टाकून दे म्हटलं तेच ते मांडीवर घेऊन मुंबईला गेले. महिपतीला मात्र नाद लागला तो लागलाच. नोकरी सुटून वराळ्याला आपल्या घरी आल्यावरही मुलगा अमृत त्याला अधूनमधून नवं खोकं आणून द्यायचा. समोरचा गेणू रोज जाता-येता विचारायचा, "काय आबा, कवा सोडायचं इंद्रायणीत? आता पानी गुडघाभर हाय, बुडायचं न्हाई."

पण जहाज नुसतं जोडून होत नाही. खरं काम दोरांचं. त्या पहिल्या खोक्यातली दोऱ्याची गुंडी उंदरांनी कुरतडून ठेवली होती. महिपतीने शिंप्याकडून काळं रीळ आणलं, तर दोरा अगदीच बारीक. तेव्हा रतनबाई म्हणाली, "आणा हिकडं. वात वळल्यावानी वळून देते."

म्हणाली खरी, आणि लगेच गप्प झाली. कारण वात हा तिच्या आयुष्यातला दुखरा विषय होता.

रतनबाई जन्माची डावरी. लग्न होऊन आली त्या साली चातुर्मासात सासूने, धोंडाबाईने, तिला देवाच्या वाती वळायला बसवलं. हिने आपल्या सवयीने डाव्या हाताने डाव्या मांडीवर वळल्या. धोंडाबाईने त्यातली एक वात दोन बोटांत धरून चाचपली आणि सगळा जुडगा उचलून चुलीत घातला. उलट्या पिळाची वात देवाला चालत नाही, हे तिचं शास्त्र. रतनबाईने उजव्या हाताने वळून पाहिल्या, त्या धड वळल्या गेल्या नाहीत. पुढे सासू होती तोवर तिला कुणी वातीला हात लावू दिला नाही. आणि सासू गेल्यावर तिने स्वतःच लावला नाही. डावा हात भांड्यांना चालला, शेणाला चालला, विळ्याला चालला, तेवढा देवापुढे नाही चालला.

त्या दिवशी मात्र तिने काळा दोरा तिपदरी केला, एक टोक महिपतीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि लुगडं सावरून डाव्या तळव्याने मांडीवर पीळ द्यायला सुरुवात केली. गरगर वळत दोर तयार झाला, तो तिने मेणाच्या खड्यावरून ओढला. तारेसारखा गुळगुळीत. महिपतीने भिंगातून खोक्यावरचं चित्र पाहिलं, मग दोर पाहिला, परत चित्र पाहिलं.

"अगं, हे बघ. डोलकाठी धरणारे जे जाड दोर हायेत, त्येंचा पीळ तुज्या पिळासारखाच. उलटा."

रतनबाईने भिंग हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजे हे जहाज बांदणाऱ्यांत बी कुनीतरी डावरं असंल," ती म्हणाली. तिला एवढं खुशीत महिपतीने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ठरून गेलं. तुकडे त्याचे, दोर तिचे. दुपारची भांडी झाली की ती हाक मारायची, "अवो, अंगठा आणा हिकडं." तो पाय पसरून वर्तमानपत्र वाचत बसायचा आणि ती वळत राहायची. मध्ये कुणी दारावर आलं, तर अंगठ्याला बांधलेला माणूस उठणार कसा? रतनबाई बसल्या जागेवरून ओरडायची, "कामात हायेत ते!"

गेल्या दिवाळीच्या आधी अंगणात सडा टाकताना ती खाली बसली आणि तिला उठता आलं नाही. अर्धांगाचा झटका. तळेगावच्या दवाखान्यातून घरी आली ती डावी बाजू लुळी घेऊन. पाय हळूहळू भिंतीच्या आधाराने चालू लागला. हात चालला नाही. नेमका तोच.

तिचा व्यायाम घ्यायला शहिस्ता नावाची मुलगी सोमाटण्याहून स्कूटीवर यायची. ती टेबलावर लाटणं ठेवायची, लुळ्या पंजावर चांगला पंजा ठेवायला लावायची आणि म्हणायची, "मावशी, दोन्ही हातांनी पुढे, मागे. उजव्याने डाव्याला ढकलायचं."

"लाटणं फिरवून पोळी तरी व्हती," रतनबाई म्हणायची. "ह्येच्यातनं काय व्हतं?" आणि दोन-चारदा फिरवून सोडून द्यायची.

अर्धं राहिलेलं जहाज कपाटावर जुन्या टॉवेलखाली झाकलेलं होतं. ती तिकडे चुकूनही बघत नसे. महिपतीला वाटलं, पुरं झालेलं पाहिलं तर तिला उभारी येईल. म्हणून स्नेहलला सांगून दोर मागवला आणि ती दुपारी पडली, की पडवीत बसून गुपचूप बांधत राहिला. माणूस चांगल्या बुद्धीने जेवढं चुकतो, तेवढं वाईट बुद्धीने चुकत नसावा.

तर असं ते जहाज आज तिच्यापुढे आलं, आणि धोंडाबाईने जशी वात चाचपली होती, तसाच तिने दोर चाचपला.

जेवणं झाल्यावर महिपतीने कात्री घेतली. स्नेहल धावत आली.

"आबा, अहो काय करताय? केवढं काम झालंय ते!"

"ह्यो दोर ऱ्हायला तर तिला रोज दिसंल."

"माझंच चुकलं. मी मागवायलाच नको होता."

"तुजं काय न्हाई पोरी. मीच सांगितलंता." त्याने एकेक दोर कापून काढला, शिड्या काढल्या. आपण दोर जास्तच ओढून बांधले होते हे त्याला आता दिसलं. मधली प्लॅस्टिकची डोलकाठी वाकली होती, ती मोकळी झाल्यावर हळूहळू सरळ झाली. रतनबाईच्या दोराने असं कधी झालं नव्हतं. तिचा दोर थोडं सांभाळून घ्यायचा.

चहाच्या वेळी ती भिंतीला धरून बाहेर आली. स्टुलावर उघड्या डोलकाठ्यांचं जहाज आणि खाली केरात काळे तुकडे.

"कापून टाकलंत?"

"तुजा नव्हता."

"येडं का काय तुमी! मी आपली बोलले. आता कुनाचा लावनार?"

"कुनाचाच न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच."

"बिनदोराचं जहाज कुटं असतंय व्हय?" ती चिडून म्हणाली. तिने खुर्चीत बसून चहा घेतला. बशी ठेवताना तिचे डोळे भरून आले होते, ते त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याला वाटलं, आता हा विषय आपल्या घरात कायमचा मिटला. त्याचा जीव अगदी थोडा-थोडा झाला.

दुसऱ्या दिवशी तो दळण घेऊन आला, तेव्हा दारात शहिस्ताची स्कूटी होती. आतून बोलणं ऐकू येत होतं. त्याने डबा खाली ठेवला आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. आपण दिसलो तर रतन हात आखडता घेईल, हे त्याला ठाऊक होतं.

लाटणं टेबलावर तसंच पडलं होतं. शहिस्ता खाली बसून तिपदरी काळ्या दोऱ्याचं टोक धरून होती. रतनबाई उजव्या हाताने उजव्या मांडीवर दोरा वळत होती. वळत कसली, लोळवत होती. बोटभर झाला तसा तिने तो चाचपला.

"जमला की मावशी!"

"जमला. सरळ पिळाचा." रतनबाई कोरडं हसली. "माजी सासू असती तर पेढे वाटले असते. हाताची पार वाट लागली, तवा कुटं सून सरळ वळाया लागली." तिने तो दोरा उलगडून टाकला. "पर माज्या जहाजाला न्हाई चालत ह्यो."

मग ती थोडा वेळ आपल्या लुळ्या हाताकडे बघत बसली. उजव्या हाताने तो उचलून डाव्या मांडीवर, दोऱ्यावर ठेवला. त्यावर उजवा तळवा टेकला आणि ढकलला. लाटण्याचाच व्यायाम. डावा पंजा फरफटत पुढे गेला, दोरा निसटला. परत ठेवला. परत निसटला. शहिस्ताने तोंड उघडलं होतं, पण शहाणी पोर, तिने ते मिटून दोऱ्याचं टोक आणखी घट्ट धरलं. रतनबाईच्या कपाळावर घाम आला. दाराबाहेर महिपतीने चौकट घट्ट धरली होती.

केव्हातरी दोऱ्याने पीळ घेतला.

वीतभर दोर व्हायला सगळी सकाळ गेली. शहिस्ताला पुढचं घर गाठायचं होतं, ती तरी टोक सोडून उठेना. शेवटी रतनबाईनेच "झालं गं बाई, जा आता" म्हटलं, आणि मग दाराकडे न बघता म्हणाली, "तुमी बी या आत. पाय दुकलं असतील."

महिपती आत आला. तिने दोर त्याच्या हातात दिला. कुठे सैल, कुठे आवळलेला, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ. त्याने भिंग घेतलं नाही. दोन बोटांत धरला आणि त्याला कळलं. पीळ उलटा होता.

"पार बिघडलाय," ती म्हणाली. "मागच्या अंगाला कुटंतरी लावा."

महिपतीने मेणाच्या खड्यावरून दोर ओढला. चिमट्याने धरून तो पुढच्या डोलकाठीच्या टोकापासून जहाजाच्या नाकापर्यंत बांधला. जहाज कुठूनही पाहिलं तरी पहिली नजर तिथेच जाणार. बाकीच्या डोलकाठ्या उघड्याच होत्या. एवढ्या जहाजावर तो एकच दोर.

रतनबाईने मान वाकडी करून पाहिलं.

"तितं लावलात व्हय! गाठ दिसंल की."

"दिसंल," महिपती म्हणाला.

ती गाठीकडे बघत राहिली. बाहेरून गेणूची हाक आली, "आबा, हाय का घरात? चला, च्या घेऊ नाक्यावर."

"दिसू द्या," रतनबाई म्हणाली. तिने रिळाचं टोक शोधलं, दातांनी दोरा तोडला, तिपदरी केला. "अवो, अंगठा आणा हिकडं."

महिपती खाली बसला आणि त्याने पाय पुढे केला. एका हाताने तिला गाठ बांधता येईना, म्हणून त्याने वाकून आपल्याच अंगठ्याला दोरा बांधला. गेणूने पुन्हा हाक मारली. रतनबाईने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि बसल्या जागेवरून ओरडली, "कामात हायेत ते!"