वीतभर गाळ

भांडण सुरू झालं ते परकरावरून.

ट्रकवाल्याच्या बायकोचा जाड सुती परकर दोरीवरून नाहीसा झाला. तिनं आधी वाऱ्याला शिव्या दिल्या, कारण त्या दिवसांत वारा असा सुटला होता की एका अंगणात धुतलेले कपडे दुसऱ्याच्या अंगणात वाळत. मग तिनं शेजारणीला विचारलं, आणि शेजारणीच्या शेळीकडे संशयानं पाहिलं. शेवटी परकर सापडला स्वतःच्याच परसात. एका लोखंडी पिंपाच्या तोंडावर तो ताणून बांधला होता आणि त्यातून गाडीचं काळंकुट्ट तेल ठिबकत होतं. शेजारी स्टुलावर सासू बसली होती, हातात पळी घेऊन.

"हा माझा परकर आहे," सून म्हणाली.

"होता," सासू म्हणाली. "वीण घट्ट आहे हं. पहिल्यांदाच काहीतरी बरं आणलंस बाजारातून."

सून नवऱ्याकडे गेली. नवरा ट्रकखाली उताणा पडून काहीतरी आवळत होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. तिनं थोडा वेळ पायांशी भांडून बघितलं. पण पायांना काही ऐकू येत नाही, आणि नवऱ्याला ऐकू येत असलं तरी त्यानं ते पायांना कळू दिलं नाही.

झालं होतं असं. डिझेल महाग झालं तेव्हा गावातल्या प्रत्येकानं यथाशक्ती शिव्या दिल्या. ट्रकवाल्यानंही दिल्या, पण शिव्यांवर गाडी चढ चढत नाही. त्याचा ट्रक बापाच्या हातचा. पुढचा दिवा एक, दार उघडायला आतून दोरी, हॉर्न लागला तर लागला. गावात तेवढा एकच ट्रक असल्यामुळे त्याला कोणी नावं ठेवत नसे. मग एके दिवशी फोनवर व्हिडिओ आला. कुठल्याशा देशातला एक टकला माणूस इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल घरीच गाळत होता, डिझेलमध्ये मिसळत होता आणि ट्रक चालवत होता. त्याची भाषा कळत नव्हती. त्यामुळे कृती डोळ्यांनी कळली आणि धोक्याच्या सूचना तेवढ्या राहून गेल्या.

तोवर जुनं ऑइल म्हणजे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची वस्तू. आता ट्रॅक्टरवाले, मोटरसायकलवाले, पिठाच्या गिरणीवाला, सगळे डबे घेऊन ट्रकवाल्याच्या परसात येऊ लागले. कुणाच्या तरी उपयोगाला येतंय म्हटल्यावर लोकांना केरसुद्धा दान केल्याचं पुण्य मिळतं. महिन्याभरात गाव त्याचं आडनाव विसरलं आणि त्याला गाळणे म्हणू लागलं. त्याच्या लग्नाआधीपासून त्याला ओळखणारे आम्ही, पण आम्हीसुद्धा खरं आडनाव आठवायला आता डोकं खाजवतो.

कृती सोपी होती. पहिल्या पिंपात आलेलं तेल ओतायचं. ते परकरातून गाळायचं, मग जुन्या जीनच्या पँटची एक तंगडी खालून शिवून आढ्याला टांगली होती, त्यातून गाळायचं. मग दुसऱ्या पिंपात भरून उन्हात पंधरा दिवस हात न लावता ठेवायचं. उन्हानं तेल पातळ होतं आणि त्यातलं पाणी, काजळी, लोखंडाचा भुगा असं सगळं तळाला बसतं. म्हणून त्या पिंपाची तोटी तळापासून वीतभर वर. तोटीतून येईल ते आपलं, वीतभर उरेल ते गाळाचं. त्याला हात लावायचा नाही. आणि चार डबे डिझेलला एक डबा गाळीव, त्याहून जास्त नाही.

हे वीतभराचं त्यानं आईला दोनदा समजावलं. आई दोनदा हो म्हणाली.

आता आईबद्दल सांगायला हवं. म्हातारीचे गुडघे गेले तेव्हा शेत सुटलं. डोळे मंदावले तेव्हा सुई सुटली. एकदा कालवणात दोनदा मीठ पडलं, तेव्हा सुनेनं फार गोड बोलून तिला चुलीपासून उठवलं. ज्या बाईनं जन्मात बसून चहाचा घोट घेतला नाही ती दिवसभर पायरीवर बसू लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, तुझं काही निवडायचं आहे का, सोलायचं आहे का. दाराशी आलेल्या पोस्टमनला तिनं एकदा विचारलं होतं, पत्रं लावून देऊ का म्हणून. तिला वाचता येत नव्हतं.

तिला हे तेलाचं काम मिळालं आणि गुडघे सोडून बाकी सगळी म्हातारी उठली. सकाळी सगळ्यांच्या आधी स्टुलावर. कुणी डब्यात काडीकचरा घेऊन आला तर त्याला विचारी, हे तेल आहे का उकिरडा. पेट्रोलचा वास आला की डबा परत. गिरणीवाला गावातला मोठा माणूस, पण त्याचाही डबा तिनं दोनदा फिरवला. तेल दोन बोटांत चोळून बघे आणि डोळे मिटून सांगे, अजून खरखर लागते, पुन्हा गाळायला हवं. गाळलं तरी ते तेल काळंच राही, पण बोटांना लोण्यासारखं लागे. परसातल्या कोंबड्यांचे पाय काळे झाले आणि त्या पडवीभर शिक्के मारत फिरू लागल्या. सुनेला अंड्यांवरसुद्धा बोटांचे ठसे दिसू लागले. ती रोज म्हणे, हे सगळं एक दिवस मी ओढ्यात नेऊन ओतणार. पण तिनं ओतलं नाही, कारण म्हातारी स्टुलावरून तिच्या स्वयंपाकात नाक खुपसत नव्हती. दगडापेक्षा वीट मऊ, असं ती मनाशी म्हणाली असेल.

आणि गाडी चालत होती, हेही सांगायला हवं. धूर थोडा जास्त काढी, सकाळी उठताना जरा कुरकुरे, पण चालत होती. गाळणे चार माणसांत सांगे, माझ्या आईच्या हाताला फिल्टर आहे.

मग कोबी काढायला आला.

त्या आठवड्यात वारा थांबला नाही. शेतातली तांबडी धूळ उठून दारा-खिडक्यांतून आत येई, दातांखाली करकरे. अशा वाऱ्यात कापलेला कोबी दोन दिवसांत मान टाकतो, म्हणून सकाळी कापायचा आणि दुपारी बाजारगावाला पोचवायचा. सगळ्या गावाचा माल ट्रकवर चढला. गाळणेनं टाकीत डिझेल ओतलं, मिसळायला गेला तर दुसऱ्या पिंपाची तोटी कोरडी. वीतभर गाळापर्यंत तेल संपलं होतं. बाहेर लोक घाई करत होते, कोबीवाले वाऱ्याकडे बघत होते.

आई म्हणाली, थांब. तिनं स्टुलाखालून एक भरलेला डबा काढला. मी काढून ठेवलाय, म्हणाली. आईच्या हातचं तेल, त्याला वाटलं, तपासायचं काय? एरवी तो तापल्या तव्यावर थेंब टाकून बघे. पाणी असलं तर तडतडतं. त्या दिवशी तवा चुलीवर नव्हता आणि वेळ तर कुठेच नव्हता. त्यानं डबा टाकीत उपडा केला.

गाव संपल्यावर दोन मैल सपाटी आहे, मग चढ. अर्ध्या चढावर ट्रक खोकला. म्हातारा माणूस जेवताना ठसका लागून थांबतो तसा थांबला, पांढरा धूर काढला आणि गप्प झाला. गाळणेनं किल्ली फिरवली, उतरून इंजिनावरचा हातपंप मारला, परत फिरवली. वर कोबी, खाली तो, आणि भोवती वारा. शेजारगावच्या वीटभट्टीचा ट्रक मागून आला म्हणून माल वाचला. सोबत आलेल्या सगळ्यांनी हातोहात कोबी त्यावर चढवला आणि निघून गेले.

ट्रक ओढून घरी आणला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं इंजिनातला डिझेलचा पंप खोलला, आतली बोटभर दांडी जागेवर घट्ट अडकून बसली होती. मिस्त्रीनं ती ठोकून बाहेर काढली, उजेडात धरली, नखानं खरवडली.

"पाणी, रेती, लोखंडाचा चुरा," तो म्हणाला. "तेल गाळलंस की विहीर उपसलीस?"

"माझ्या आईनं गाळलंय," गाळणे म्हणाला. "पंधरा दिवस निवळलेलं आहे. तेलाला नाव ठेवू नकोस."

मिस्त्रीनं नाव ठेवलं नाही. एवढंच सांगितलं, की हा पंप बनवणारा कारखाना गाळणेला मिसरूड फुटायच्या आधीच बंद झाला. जुना कुठे मिळाला तर मिळाला. मिळायचा नाही. मग हात पुसत तो म्हणाला, तेलही गेलं, आणि पुढची म्हण गिळून टाकली. ती पुरी करायची गरजही नव्हती.

गाळणे परसात गेला. त्याला आईची बाजू सिद्ध करायची होती. पिंप बघायचं, तोटी बघायची, मिस्त्रीला हाताला धरून दाखवायचं. पण पिंपासमोर तो उभा राहिला तेव्हा त्याला पिंप वेगळंच दिसलं. ते पुढे झुकलं होतं, पाहुण्याला या म्हणणाऱ्या माणसासारखं. त्यानं मागे जाऊन बघितलं. मागच्या कडेखाली एक वीट होती.

आई स्टुलावरून बघतच होती. तिचा चेहरा असा फुलला होता, जणू तो ही वीट कधी शोधतो याची ती वाट पाहत होती.

"तोटी वर लावलीस, तिथेच चुकलास," ती म्हणाली. "खाली केवढं राहत होतं. मी वीट लावली, तिरकं केलं. आख्खा डबा निघाला की नाही?"

या घरात बाटली संपली की तळाशी धरून उपडी ठेवतात, वाटीवर, दुसऱ्या दिवसापर्यंत. भांडं निथळल्याशिवाय धुवायला पडत नाही. म्हातारीला हे तिच्या सासूनं शिकवलं आणि म्हातारीनं मुलाला. लहानपणी दुधाच्या पेल्यात तळाला घोटभर ठेवलं म्हणून त्यानं मार खाल्ला होता. आता त्याच हातानं त्याच शिस्तीनं त्याची गाडी मारली होती, आणि तो हात त्याच्यासमोर पदराला पुसत शाबासकीची वाट बघत होता.

सून दारात उभी होती. तिला वीट दिसली, पिंप दिसलं, पंप खोलून ठेवलेला दिसला. तिच्याजवळ एक वाक्य गेले तीन महिने तयार होतं. मी सांगत होते, असं सुरू होणारं. तिनं ते तोंडाशी आणलं, नवऱ्याकडे बघितलं आणि घरात जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती.

"निघाला," गाळणे म्हणाला. "आख्खा डबा निघाला, आई."

मिस्त्रीला बोलण्याची सवय होती, पण तोही शहाणा निघाला. म्हातारीनं गाडीला काय झालं विचारलं तेव्हा तो म्हणाला, डिझेलच भेसळीचं आलंय हल्ली. ही बातमी गावानं उचलून धरली. पेट्रोल पंपावरच्या माणसाला आठवडाभर जो तो वाकडं बोलत होता. त्याचा काही दोष नव्हता, पण कुणाचा तरी असायला हवा होता, आणि तो परगावचा होता.

ट्रक आता अंगणात उभा आहे. सीटवर कोंबड्या अंडी घालतात. गाळणे वीटभट्टीवर पगारी ड्रायव्हर झाला आणि दिवसभर विटाच वाहतो. आईला त्यानं सांगितलंय की पंप येणार आहे, आणि तोवर तुझं तेल भट्टीच्या गाडीला जातं. भट्टीचा मालक त्या तेलाचा वाससुद्धा गाडीजवळ येऊ देणार नाही. वीट काढली, पिंप सरळ केलं, पण काम काढून घ्यायचं कसं? तिला पुन्हा पायरीवर बसवून पोस्टमनला पत्रं लावून देऊ का विचारायला लावायचं?

लोकांनी तर तेल आणायचं कधीच थांबवलं. चालत नसलेल्या गाडीला तेल कशाला, हा हिशेब गावाला लगेच जमतो. म्हणून गाळणे सकाळी भट्टीवर जाताना आईनं गाळलेला डबा समोरच्या दारानं घेऊन निघतो, घराला वळसा घालतो, आई चहाला आत गेलेली असते तेवढ्यात परसामागच्या कुंपणातून आत शिरतो आणि पहिल्या पिंपात ओततो. दुपारी म्हातारी तेच तेल परकरातून पुन्हा गाळते. आम्ही शेजारी. आम्हाला दिसतं, आणि तेवढ्यापुरतं आमचं लक्ष पिकांकडे असतं.

असं ते तेल किती वेळा गाळलं गेलं देव जाणे. एवढं गाळलेलं तेल जगात दुसऱ्या कुठल्या ट्रकला मिळालं नसेल, आणि ह्या ट्रकला ते नको होतं.

परवा संध्याकाळी गाळणे भट्टीवरून आला, अंगभर विटांची भुकटी. आई परकर हातात घेऊन बसली होती, उलटून पालटून बघत.

"हल्ली लोक फारच स्वच्छ तेल आणतात रे," ती म्हणाली. "कापडावर काही राहतच नाही."

"लोक सुधारले, आई."

म्हातारीनं परकराची घडी घातली. दोन्ही हात त्यावर ठेवून बसली.

"मग मी काय करू?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घराला वळसा घातला, डबा पिंपात ओतला. मग खाली वाकला, बांधावरची तांबडी माती ओंजळभर घेतली, खडे निवडून टाकले आणि उरलेली बारीक माती हळूहळू तेलात सोडून काठीनं ढवळली. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, तळापर्यंत.